कौलावरचं 1865 आणि भिंतीतली ओल: गावच्या जुन्या दगडी चर्चबद्दल

पन्हाळा तालुक्यातल्या एका गावच्या ख्रिस्ती मंडळीच्या पंचांनी तीन गोष्टी विचारल्या आहेत. छपराच्या कौलाच्या पाठीवर 1865 उमटलेलं सापडलं आहे, तेच चर्चचं साल धरून पाटी बसवावी का? वीस वर्षांपूर्वी बाहेरून सिमेंटचा गिलावा केला, तरी आतल्या भिंती छातीच्या उंचीपर्यंत ओल्या का राहतात? आणि कौलं काढून स्लॅब टाकावा असा काहींचा आग्रह आहे, तो मानावा का?

पाटी आताच बसवू नका. ओलीचं कारण बहुधा तो गिलावाच आहे. आणि स्लॅब टाकू नका. कारणं पुढे देतो, पण त्याआधी एक विनंती. या इमारतीचा इतिहास ज्या वस्तूंत आहे, म्हणजे कौलं, चुना, लोखंडी तुळया, फरशी, खिळ्यांची भोकं, नेमक्या त्याच वस्तू दुरुस्तीत डबर म्हणून ट्रॉलीत भरल्या जातात. म्हणून आधी मोजमापं, फोटो आणि नोंदी करा. गवंडी त्यानंतर बोलवा.

आता कौल. बासेल मिशन या स्वित्झर्लंडच्या मिशनने मंगळूरला जेप्पू इथे कौलांचा कारखाना 1865 मध्ये काढला. ते स्थापनेचं साल कारखान्याच्या नावासोबत साच्यातच होतं. त्यामुळे तीस-चाळीस वर्षांनी भाजलेल्या कौलावरही 1865 हेच साल येत राहिलं. तुमचं कौल त्या सालाच्या आधीचं नाही, एवढंच त्यावरून सिद्ध होतं. पहिल्या महायुद्धात बासेल मिशनची मालमत्ता सरकारने ताब्यात घेतली आणि पुढे ते कारखाने कॉमनवेल्थ ट्रस्ट या कंपनीने चालवले. कौलावर ते नाव असेल तर कौल युद्धानंतरचं. एका कौलावर थांबू नका. दोन्ही पाख्यांवरची (छपराच्या उतारांवरची), वळचणीजवळची आणि आढ्याजवळची मिळून पंचवीस-तीस कौलं उलटून बघा, प्रत्येकाचा फोटो घ्या आणि जागा लिहा. दर पावसाळ्यानंतर फुटलेली कौलं बदलली जातात, म्हणून छपरावर तीन-चार कारखाने एकत्र नांदत असतात. ज्या कारखान्याची कौलं संख्येने जास्त आणि सलग पट्ट्यात असतील, ती छप्पर घातल्याच्या काळाच्या जवळची.

तरीही तो छपराचा काळ झाला, भिंतींचा नव्हे. त्या आधी गावच्या कुंभाराची नळीची कौलं असू शकतात. वाशांच्या वरच्या अंगाला आजच्या रिपांशी (कौलं बसतात त्या लाकडी पट्ट्यांशी) न जुळणारी, जवळजवळच्या अंतरावरची जुनी खिळ्यांची भोकं दिसली, किंवा त्रिकोणी भिंतीवर आतून जुन्या उताराची रेघ दिसली, तर छप्पर एकदा बदललं आहे असं समजा.

1865 हे साल इतिहासातही बसत नाही. रॉयल गूल्ड वाइल्डर 1852 मध्ये अहमदनगरहून कोल्हापुरात आले, तेव्हा ते अमेरिकन बोर्डाचे मिशनरी होते. 1870 मध्ये हे काम अमेरिकेतल्या प्रेस्बिटेरियन बोर्डाकडे गेलं. कोडोलीसारखी खेड्यातली केंद्रं त्यानंतरची. एस. पी. जी. हे अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडच्या चर्चचं, मिशनही त्याच सुमारास कोल्हापुरात उभं राहिलं. 1865 मध्ये पन्हाळ्याच्या बाजूच्या खेड्यात पक्कं दगडी चर्च, हे या क्रमाशी विसंगत आहे. शिवाय गावात काम सुरू झाल्याचं साल, मंडळी स्थापन झाल्याचं साल आणि इमारतीचं समर्पण झाल्याचं साल ही तीन वेगळी सालं असतात. त्यांत वीस-तीस वर्षांचं अंतर सहज पडतं, कारण आधी उपासना झाडाखाली, मग शाळेच्या खोलीत आणि पैसे जमल्यावर इमारतीत, असाच क्रम बहुतेक ठिकाणी होता. पाटी करायची तेव्हा तिन्ही सालं लिहा, आणि जे सापडलं नाही ते अंदाजाने भरू नका.

चर्च कुणाचं होतं हे आतली मांडणी सांगते. प्रेस्बिटेरियन पद्धतीत बायबलच्या वचनाला मध्यवर्ती स्थान, म्हणून व्यासपीठ समोर आणि उंच, त्याच्या पुढे प्रभुभोजनाचं साधं मेज, आणि सगळी मंडळी एकाच मोकळ्या दालनात. वेदीसाठी वेगळं, अरुंद, कमानीने तोडलेलं दालन बहुधा नसतं, आणि इमारतीचं तोंड रस्ता व जागा बघून ठरवलेलं असतं. अँग्लिकन चर्चमध्ये वेदी शक्यतो पूर्वेला, तिच्यासाठी एक-दोन पायऱ्या चढून जायचं वेगळं दालन, आणि बाप्तिस्म्याचं दगडी कुंड दाराजवळ. तुमच्याकडे टोकदार कमानीच्या खिडक्या आहेत म्हणून ते अँग्लिकन, असा निष्कर्ष काढू नका. टोकदार कमान त्या काळी सगळ्याच मिशनांनी वापरली. बाके बहुतेक गावांत नंतरची आहेत. आधी जमिनीवर सतरंज्या असायच्या. व्यासपीठाचा चौथरा पुढे कधी वाढवलेला असेल तर जुन्या-नव्या दगडांतला सांधा फरशीच्या कडेला दिसतो.

काळ ठरवायला आणखी काही खुणा आहेत. मिरज-कोल्हापूर रेल्वे 1891 मध्ये सुरू झाली. त्याआधी जड माल बैलगाडीनेच यायचा, कोकणातला असेल तर घाट चढून. म्हणून भरपूर मंगळुरी कौल, लांब लोखंडी तुळया, शहाबादी फरशी हे सगळं मूळ बांधकामातच असेल, तर इमारत 1891 नंतरची असण्याची शक्यता वाढते. लोखंडी तुळईच्या पोटावर कारखान्याचं नाव उठावात असतं, रंग खरवडून बघा. डॉर्मन लाँग हे नाव असेल तर ती इंग्लंडहून आलेली. टाटा असेल तर 1912 नंतरची, कारण जमशेदपूरला पोलाद तेव्हापासून निघायला लागलं. घंटेवर ओतणाऱ्या कारखान्याचं नाव, गाव आणि अनेकदा साल असतं. हे साल मात्र त्या घंटेचंच असतं, म्हणून ते मोलाचं. फक्त घंटा दुसरीकडून आणलेली नाही ना, हे पाहावं लागतं.

कागद कुठे शोधायचे? पहिली जागा तुमचं स्वतःचं कपाट. बाप्तिस्मा, विवाह आणि दफनाच्या नोंदवह्या, पंचांच्या सभांची इतिवृत्तं. विवाह कुठे लावला ती जागा लिहिलेली असते. शाळेऐवजी चर्च हा उल्लेख ज्या वर्षी सुरू होतो, ते वर्ष बारकाईने पाहा. दुसरी जागा कोल्हापूरचं पुरालेखागार. कोल्हापूर हे 1 मार्च 1949 रोजी मुंबई प्रांतात विलीन होईपर्यंत संस्थान होतं, त्यामुळे जमीन दिल्याचा हुकूम, इमारतीची परवानगी, दगड किंवा लाकूड काढायचा परवाना हे करवीर दरबारच्या दप्तरात असणार, इंग्रज जिल्ह्याच्या महसुली कागदांत नव्हे. गाव विशाळगड, बावडा, कागल किंवा इचलकरंजी अशा जहागिरीत असेल तर त्या जहागिरीचं दप्तर विचारा. कागद मोडी लिपीत असतील, तेव्हा मोडी वाचणारा सोबत हवा. तिसरी जागा प्रेस्बिटेरियन बोर्डाचे वार्षिक अहवाल आणि 1842 पासूनचा ज्ञानोदय, हे मिशनऱ्यांनी काढलेलं मराठी नियतकालिक. अहवालांत गावांची नावं चमत्कारिक स्पेलिंगने येतात, म्हणून एकच नाव धरून शोधू नका.

आता भिंत. आपल्याकडची जुनी चर्च साधारण 45 ते 60 सेंटीमीटर जाडीच्या भिंतींची. बाहेर आणि आत काळ्या दगडाची खांडकी (घडवलेले चौकोनी दगड), दोहोंच्या मध्ये डबर आणि चुना किंवा नुसती माती, आणि अधूनमधून दोन्ही अंगं शिवणारा आरपार बांधदगड. पन्हाळ्याच्या पठारावर वरचा थर जांभ्याचा असल्याने तिथे कोपरे काळ्या दगडाचे आणि मधली भिंत जांभ्याची, असंही दिसतं. काळा दगड जवळजवळ पाणी पीत नाही. भिंतीत शिरलेली ओल दगडातून नव्हे तर दर्जांमधल्या, म्हणजे दगडांच्या सांध्यांमधल्या, चुन्यातून बाहेर पडते. हा चुनाच भिंतीचा श्वास आहे. त्यावर सिमेंटचा गिलावा चढवला की बाहेरची वाट बंद. पायातून चढणारं पाणी आणि गिलाव्याच्या केसाएवढ्या भेगांतून शिरणारं पावसाचं पाणी मधल्या भरावात साठतं आणि आतल्या बाजूने सुटायला बघतं. आतून ऑइल पेंट असेल तर ते आणखी वर चढतं. पाणी उडून गेल्यावर क्षार मागे राहतात, तोच पांढरा लोणा. क्षारांचे स्फटिक छिद्रात वाढले की चुना आणि जांभा पीठ होऊन गळायला लागतो. काळा दगड टिकतो, पण त्याला धरून ठेवणारी माती वाहून जाते. मग भिंत पोटाकडून फुगते. लाकडी हातोडीने हलके ठोकत जा: भद्द आवाज आला तिथे आत पोकळी आहे, तिथे खडूने गोल करून ठेवा.

उपाय खालून सुरू होतो. बहुतेक गावांत शंभर वर्षांत आजूबाजूची जमीन, रस्ता आणि पेव्हर ब्लॉक मिळून जोतं निम्मं गाडलेलं असतं. बाहेरची पातळी आतल्या फरशीपेक्षा निदान 15, जमलं तर 30 सेंटीमीटर खाली न्या. भिंतीपासून एक मीटरपर्यंत बाहेरच्या बाजूला उतार द्या, मीटरला दोन सेंटीमीटर पुरे. भिंतीला चिकटून काँक्रीट ओतू नका. 30 सेंटीमीटरची पट्टी खडीने भरा, म्हणजे वळचणीचं पाणी उडून भिंतीवर येणार नाही आणि जमिनीतली वाफ तिथून निघेल. पाया उघडा पडेल एवढं मात्र खणू नका.

मग गिलावा. सगळा एकदम काढू नका. आधी खालचा एक मीटरचा पट्टा, तोही एका भिंतीवर, छिन्नी-हातोडीने. ब्रेकर मशीन नको. त्याच्या हादऱ्याने आतला भराव सुटतो. गिलाव्याबरोबर दगडाच्या कडा निघायला लागल्या तर तिथे थांबा आणि तेवढा भाग राहू द्या. उघडी भिंत एक पूर्ण उन्हाळा वाळू द्या. लोणा ओल्या फडक्याने पुसायचा नाही, पुन्हा आत जातो. कोरड्या ब्रशने झाडून गोळा करून आवाराबाहेर टाका. 2019 किंवा 2021 च्या पुरात पाणी चढलेल्या शिरोळ-हातकणंगल्याकडच्या इमारतींना हे विशेष लागू: पुरानंतर घाईने गिलावा केला की ओल वर्षानुवर्षं आत कोंडते.

दर्जा भरायला चुना. जुन्या दर्जेचा तुकडा आधी पाहा: नखाने किंवा सुरीने खरवडला जातो आणि आत पांढरे चुन्याचे कण दिसतात, तर तो चुना. लिंबाच्या रसाने फसफसणं हा एकटा पुरावा नाही, सिमेंटही थोडं फसफसतं. कळीचा चुना पाण्यात विरवताना उकळी येते आणि शिंतोडे उडतात; चष्मा, हातमोजे आणि लांब काठी हवीच, लहान मुलं आसपास नकोत. चुना पाण्यात घालायचा, चुन्यावर पाणी ओतायचं नाही. विरलेला चुना चाळून पाण्याखाली किमान पंधरा दिवस, शक्य तर दोन-तीन महिने मुरू द्या. प्रमाण: 1 भाग चुना, 2 भाग वाळू, 1 भाग सुर्खी (विटेची पूड). पन्हाळ्याच्या हवेत सुर्खी सोडू नका, ओलसर हवेत ती चुन्याला घट्ट व्हायला मदत करते. सुर्खी चांगल्या पण जास्त न भाजलेल्या विटेची. भट्टीतल्या काळ्या, काचेसारख्या झालेल्या विटेची चालत नाही. क्रशरची वाळू वापरायची तर धुऊन घ्या, तिच्यातली धूळ चुन्याला तडे पाडते. गूळ आणि बेलफळाचं पाणी जुन्या गवंड्यांच्या हातचं आहे, पण वाळू मातकट असेल तर ते घालून काहीही सुधारत नाही.

दर्ज रुंदीच्या दुप्पट, निदान 25 मिलिमीटर खोल साफ करा, धूळ उडवा, भिंत भिजवा आणि पाणी जिरल्यावर भरा. चुना दगडाच्या कडेपेक्षा किंचित आत ठेवा. दगडावर पसरलेली फुगीर दर्ज पाणी अडवते. खांडकीच्या भिंतीला 100 चौरस मीटरमागे साधारण 0.25 ते 0.3 घनमीटर मसाला लागतो. ओलं गोणपाट आठ-दहा दिवस टांगलेलं हवं. काम ऑक्टोबरअखेर ते फेब्रुवारी. एप्रिल-मेच्या उन्हात चुना वाळतो पण जमत नाही, बोट लावलं की भुगा होतो.

छपराबद्दल आकडेच बोलतात. 15 मीटर लांब आणि साडेसात मीटर रुंद चर्च धरा. वळचणीसकट 16 गुणिले 9 मीटरचं आच्छादन, 30 अंशांच्या उताराला पाख्यांचं क्षेत्र सुमारे 166 चौरस मीटर. मंगळुरी कौलं चौरस मीटरला पंधरा-सोळा, म्हणजे 2,600 च्या आसपास, वजन सहा टन. लाकूड धरून दहा-बारा टन. त्याच जागेवर 12 सेंटीमीटरचा स्लॅब 43 टनांचा होतो. ही भिंत त्या वजनासाठी बांधलेली नाही, आणि भूकंपात हलणारं वजन वर जितकं जास्त तितका भिंतीवर आडवा जोर जास्त. 11 डिसेंबर 1967 चा कोयनेचा धक्का आपल्या भागाने अनुभवला आहे. पत्रा हलका खरा, पण वाऱ्याला उचलला जातो, पावसात उपासना ऐकू येत नाही आणि थंडीत आतून पाणी धरतो.

कौलं काढताना आवाज घ्या: बोटाच्या पेराने वाजवलं की खणखणीत वाजलं तर ठेवा, बसका आवाज आला तर बाजूला. शंका असेल तर कोरडं वजन करून चोवीस तास पाण्यात ठेवा. वजन वीस टक्क्यांपेक्षा जास्त वाढलं तर ते कौल पाणी पितं. नवीन कौलं आणताना जुन्यांतलं एक सोबत न्या, खाचा जुळल्या नाहीत तर गळती कायमची. जुनी एका पाख्यावर आणि नवी दुसऱ्या पाख्यावर लावा, मिसळू नका. दहा टक्के जादा घ्या.

खरी तपासणी कैचीची, म्हणजे छप्पर पेलणाऱ्या त्रिकोणी लाकडी सांगाड्याची. किंगपोस्ट (मध्ये एक उभा खांब असलेल्या) कैचीत खालची आडवी तुळई भिंतींना बाहेर पसरू देत नाही. पंखे, पोटमाळा किंवा फॉल्स सीलिंगसाठी ती कुणी कापली असेल, तर खिडक्यांच्या वरून वर जाणाऱ्या, वरती रुंद होणाऱ्या भेगा दिसतील आणि ओळंबा सोडला की भिंत बाहेर झुकलेली आढळेल. असं असेल तर दुसरं काही करण्याआधी तिथे टेकू द्या आणि स्ट्रक्चरल इंजिनिअर बोलवा. तुळईचं भिंतीत शिरलेलं टोक स्क्रू-ड्रायव्हरने टोचा. पातं सहज आत गेलं तर ते कुजलं आहे. सगळी तुळई बदलायची गरज नसते. कुजका भाग कापून त्याच जातीचं कोरडं सागवान बोल्टने जोडता येतं. नव्या टोकाभोवती 25 मिलिमीटर हवा सुटी ठेवा. भिंतीतलं भोक सिमेंटने चिणलं की टोक पुन्हा कुजणार.

घंटा वाजवण्याची दोरी थेट लोलकाला बांधून ओढण्याची सवय मोडा. लोलक घंटेला टेकलेला राहिला की कंप अडतो आणि घंटेला तडा जातो. तडा गेलेल्या घंटेचं वेल्डिंग गावात होत नाही. लोलक एकाच जागी आपटून खळगा पडला असेल तर घंटा पाव फेरा फिरवून बसवून घ्या.

भेगा लगेच भरू नका. भेगेवर काचेची पातळ पट्टी दोन्ही टोकांना चिकटवून तारीख लिहा. काळ्या मातीवरचा पाया पावसाळ्यात उचलतो आणि उन्हाळ्यात बसतो, म्हणून एक पूर्ण वर्ष पाहायचं. काच शाबूत राहिली तर भेग जुनी आणि थांबलेली, चुन्याने भरा. तुटली तर कोणत्या महिन्यात तुटली ते लिहा, इंजिनिअरला त्याचाच उपयोग होतो. खिडकीच्या कोपऱ्यातून पायरी-पायरीने खाली उतरणारी भेग बहुधा पायाची असते, आणि तिचं मूळ अनेकदा भिंतीलगतच्या फुटक्या नळात किंवा मोठ्या झाडात सापडतं.

काम देण्यापूर्वी धर्मादाय आयुक्तांकडचा ट्रस्टचा उतारा आणि मिळकतीचा उतारा जुळवून घ्या. जागा कुणाच्या नावावर आहे हे अर्ध्या कामात कळलं तर काम तिथेच थांबतं. ठेकेदाराला चौरस फुटावर दर देऊ नका, त्याला घाई हवी असते आणि चुन्याला वेळ. करारात चुना, सुर्खी, प्रमाण, भिजवण्याचे दिवस स्पष्ट लिहा. मागच्या भिंतीवर एक चौरस मीटर नमुना करून घ्या, महिनाभराने नखाने खरवडून बघा, पसंत पडला तरच पुढचं काम. तो नमुना काम संपेपर्यंत तसाच ठेवा, प्रत्येक बिलाआधी नवं काम त्याच्याशी ताडून पाहता येतं.